ब्रेक न लावलेलं इंजिन

जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी मोडणारच आहे, तेव्हा ती आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्या डोळ्यांदेखत मोडून घ्यावी, एवढ्या एका श्रद्धेवर आमच्या आतोबांनी उभा जन्म काढला. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. ठाण्यातल्या एका गिरणीच्या वर्कशॉपात ते फोरमन होते. नौपाड्यात तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पुढे ओटा आणि मागे विहिरीचं परसू एवढं त्यांचं राज्य. अंगाने सडसडीत, आवाज मऊ, कुणावर रागावल्याचं कधी ऐकिवात नाही. पण बाजारातून घरात आलेली एकही वस्तू त्यांच्या हातून छळ सोसल्याशिवाय वापरात आली नाही. मी तेव्हा कचेरीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो आणि त्यांच्याच पुढच्या खोलीत राहत होतो, म्हणून हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. त्यातला काही छळ माझ्याही वाट्याला आलेला आहे.

छत्रीचंच घ्या. साधी माणसं दुकानात छत्री उघडतात, मिटतात, काखोटीला मारतात आणि घरी येतात. आतोबा भर वैशाखात, डोक्यावर ऊन रणरणत असताना, अंगणात स्टूल टाकून नव्या छत्रीखाली बसत आणि आत्या ओट्यावर उभी राहून त्यांच्यावर विहिरीचं पाणी बादली बादली ओतत असे. पंधरा बादल्यांचा हिशेब ठरलेला. एका वर्षी समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या घरच्या बाईंनी हे दृश्य पाहिलं आणि त्या धावत आल्या. नवरा-बायकोचं भांडण विकोपाला गेलंय अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी आत्याचा हात धरला आणि आतोबांना सांगितलं की भाऊ, चूक तुमची असेल तर मोठ्या मनाने कबूल करून टाका. छत्रीखालून शांत आवाज आला, "थांबा वहिनी, अजून चार बादल्या राहिल्यात." त्या बाई पुढे वर्षभर आत्याकडे फार आदराने पाहत.

त्यांचा नियम दीडपटीचा होता. जी वस्तू जेवढा भार सोसणार, तिच्यावर एकदा तरी दीडपट भार घालून पाहायचा आणि मगच ती आपली म्हणायची. घरात झोपाळा टांगला तेव्हा त्यावर तीन माणसं बसणार असं ठरलं, म्हणजे साडेचार माणसांचा भार आला. शेजारपाजारचे चार धष्टपुष्ट गृहस्थ बोलावले गेले आणि उरलेला अर्धा माणूस म्हणून मला बसवण्यात आलं. त्या वेळी मी बारीक होतो हे खरं, पण सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाला चारचौघांत अर्धा म्हणणं बरं नव्हे. झोपाळा टिकला. त्या चार गृहस्थांतले एक मात्र उतरताना कमरेत लचकले.

हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला. आमच्या ताईला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, पाहायला कल्याणहून मुलगा आला तेव्हा आतोबांनी आधीच विचार करून ठेवला होता. सासुरवाडीला सणावाराला जावयाला आग्रह होणार, तेव्हा साधारण दहा जिलब्या तरी त्याला खाव्या लागणार, म्हणून आज पंधरा. मुलगा चांगल्या घरचा, वाढलेलं टाकायचं नाही अशा शिस्तीत वाढलेला. अकराव्या जिलबीला त्याचे डोळे पाणावले, तेराव्याला तो भिंतीला टेकला, पण पंधरा संपवून ताठ बसला. पाहुणे गेल्यावर आतोबा आत्याला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त नाही म्हणता येत नाही त्याला. संसारात तो दोष धरत नाहीत." लग्न झालं. जावईबापूंनी जिलबीला पुन्हा कधी हात लावला नाही, पण सासऱ्यांवर त्यांचा जीव होता.

मला नोकरी लागली तेव्हा आतोबांनी शाईचं पेन आणलं. माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ते टेबलाच्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाकलं. तिसऱ्या खेपेला निब वाकलं. माझा चेहरा पडला असेल, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, ऐन साहेबासमोर मोडण्यापेक्षा आज मोडलं ते बरं." दुसरं आणलं, तेही गेलं. तिसरं टिकलं. आत्या एवढंच म्हणाली की पेन एकच, पण तीन पडली.

आत्या त्यांना सबंध आयुष्यात एकदाच आडवी गेली. सत्यनारायणाच्या पूजेच्या आदल्या दिवशी आतोबांनी सुचवलं की प्रसादाचा शिरा आज एकदा करून पाहावा, म्हणजे उद्या रवा कच्चा राहायला नको. आत्याने हातातली परात खाली ठेवली आणि सांगितलं की देवाच्या प्रसादाची रंगीत तालीम या घरात होणार नाही, हवी असेल तर तुम्ही दुसरं घर बघा. दुसऱ्या दिवशी शिरा उत्तम झाला होता, आणि आतोबा तो खाताना जरा खट्टू दिसत होते.

आता नाखव्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय आतोबांची गोष्ट पुरी होत नाही. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि सुकाणू धरणारा. हे नाखवा कोलशेतचे, तिथले पिढीजात. घरची मिठागरं, आणि मीठ नि रेती वाहणाऱ्या होड्या. एकदा त्यांच्या होडीच्या पंख्याचा दांडा वाकला, तो सरळ करून घ्यायला ते गिरणीच्या दाराशी आले. आतोबांनी तो सरळ तर केलाच, वर दीडपट ताण देऊन पुन्हा वाकवून पाहिला, पुन्हा सरळ केला, आणि मगच परत दिला. नाखव्यांनी आयुष्यात इतका हट्टी माणूस पाहिला नव्हता. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. नाखवा आमच्याकडे यायचे ते खांद्यावर खड्या मिठाची पिशवी टाकून. आमचं घर शाकाहारी, तेव्हा कोलशेतच्या माणसाने आणावं तरी काय, म्हणून मीठ. आत्याकडे इतकं मीठ साठलं की आमची अर्धी आळी नाखव्यांच्या मिठाचं लोणचं खात होती.

कोलशेतच्या खाडीत चैत्रातल्या जत्रेला होड्यांची शर्यत लागायची. पूर्वी ती शिडाच्या होड्यांची असे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर एकेकाने इंजिनं बसवली आणि शर्यत इंजिनांची झाली. आपल्या काठावरून सुटायचं, वळणावर रोवलेल्या काठीला वळसा घालायचा आणि परत यायचं. नाखवा शिडाच्या काळात कितीतरी वेळा पहिले आले होते, पण इंजिनं आल्यापासून कायम दुसरे. पहिली यायची ती पलीकडच्या काठावरची एक होडी. नाखव्यांचं इंजिन जुनं, खोकणारं. त्यातून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. लांबचं धूसर दिसायचं. मुलांनी बापाला सांगून टाकलं होतं की या वर्षीची जत्रा झाली की सुकाणू सोडायचं. मुलांचंही चुकत नव्हतं. ही शेवटची शर्यत, आणि ती एकदा तरी इंजिनावर जिंकायची, एवढंच नाखव्यांच्या मनात होतं. त्यांनी हे आतोबांना आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, आणि आतोबा म्हणाले, इंजिन मी बांधतो.

लढाईनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीतलं सामान डिस्पोजलमध्ये, म्हणजे सरकारी लिलावात निघालं होतं, आणि ते पुढे कित्येक वर्षं भंगारवाल्यांच्या आवारात गंजत पडलं होतं. आतोबा दर रविवारी कल्याणला जाऊन तिथे चिमटे-पाने घेऊन बसत. एका मोडक्या ट्रकचा सांगाडा, दुसऱ्या गाडीचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, तिसऱ्याचे पिस्टन, अशी तीन मेलेली इंजिनं एकत्र करून त्यांनी परसात एक जिवंत इंजिन उभं केलं. पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत आमच्या वरणाला रॉकेलचा वास यायचा आणि आत्याचे सगळे जुने पदर पुसायला गेले. आतोबा गिरणीतून आले की चहाचा कप घेऊन सरळ मागे जायचे. इंजिनाशी ते बोलत नसत, पण मध्येच त्याच्या अंगावर हात ठेवून उभे राहत. ताईच्या पाळण्यापाशीही त्यांना असं उभं राहिलेलं आपण पाहिलेलं नाही, असं आत्या म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

पिस्टनची शेवटची रिंग मुंबईहून यायला उशीर झाला आणि इंजिन पुरं झालं तेव्हा जत्रा चार दिवसांवर आली होती. चालू केलं तर पहिल्याच फटक्यात चालू झालं. नाखवा शेजारी उभे होते, त्यांनी इंजिनाला हात जोडले. आणि आतोबांनी कोपऱ्यातून ब्रेक काढला.

ब्रेक म्हणजे गाडीचा नव्हे. गिरणीत नवं किंवा दुरुस्त केलेलं इंजिन कामाला जुंपण्याआधी त्याची परीक्षा घेत. इंजिनाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट आवळायचे, त्या ठोकळ्यांना एक लांब दांडा, आणि दांड्याचं टोक वजनाच्या काट्यावर. चाक फिरायला धडपडतं, ठोकळे त्याला धरून ठेवतात, आणि त्या झटापटीत इंजिनात किती दम आहे ते काट्यावर कळतं. वरून सारखं पाणी ओतायचं, नाहीतर लाकूड पेटेल. आतोबांच्या हिशेबाने नवं इंजिन असं आठ तास झगडवायला हवं, त्यातला शेवटचा तास दीडपट भाराने. ब्रेकसाठी लागणारा मोठा काटा त्यांनी आळीतल्या वाण्याकडून मागून आणून ठेवला होता. वाणी दोन दिवस तराजूवर धंदा करत होता.

नाखव्यांनी ते ठोकळे पाहिले, काटा पाहिला, आणि आठ तासांचं ऐकलं. मग ते विहिरीच्या कठड्यावर बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंजिन एकच आहे. उद्या या ठोकळ्यांत काही तुटलं तर चार दिवसांत दुसरं उभं राहणार नाही, आणि पुढच्या वर्षी सुकाणूवर ते स्वतः असणार नाहीत. तुटायचंच असेल तर ते पाण्यात तुटू दे, निदान शर्यतीत उतरलो असं तरी होईल. आतोबांचं म्हणणंही साधं होतं. त्या क्रँकला पूर्वी कधी काय सोसावं लागलं ते कुणालाच माहीत नाही. परसात मोडला तर फार तर भिंतीला भोक पडेल. होडीत तो नाखव्यांच्या गुडघ्यापासून दोन हातांवर असणार.

"गुडघे माजे हाईत," नाखवा म्हणाले.

आतोबा आत आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आमचं मत विचारलं. आत्या पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, त्या माणसाकडे बघा आणि ठरवा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आज वाटतं, मी गप्प बसायला हवं होतं. ज्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही त्याने कशाला तोंड घालायचं? पण मला त्या विहिरीवर बसलेल्या म्हाताऱ्याची दया आली होती आणि अंगात तरुणपणाची खुमखुमी होती. मी म्हणालो, आतोबा, एकदा तरी एखादी गोष्ट न तपासता करून बघा की. ते मागे गेले आणि त्यांनी ठोकळे परत कोपऱ्यात ठेवून दिले. काटा मी वाण्याकडे पोचवला.

पण त्यांनी एक अट घातली. ज्या इंजिनाला ब्रेक लावलेला नाही त्याच्यापाशी शर्यतीत ते स्वतः बसणार. ऐकून आत्याच्या हातातलं लाटणं थांबलं, कारण आतोबांना पोहता येत नव्हतं. खाडी सोडा, तलावपाळीला ते कठड्याच्या आतल्या बाजूने चालत. मग त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा झाळून बंद केला, दोरीने छातीशी बांधला आणि दोघा शेजाऱ्यांना दोर धरायला लावून स्वतःला विहिरीत सोडलं. आतोबांबरोबर दीडपट भार पुरा करायला गव्हाचं अर्धं पोतंही होतं. डबा तरला. आतोबा तरले. गहू वाळवायला आत्याला तीन दिवस लागले, आणि इंजिन मात्र न तपासता कोलशेतला गेलं.

शर्यतीच्या दिवशी आत्या आणि मी टांग्याने कोलशेतला गेलो. दुपारची भरती पुरी चढली होती, काठावर जत्रेतली सगळी माणसं. पाच होड्या. नाखव्यांच्या होडीत सुकाणूवर नाखवा, मध्ये इंजिन, आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला छातीवर डबा बांधून बसलेले आतोबा. लोकांना वाटलं डब्यात पेट्रोल आहे. होड्या सुटल्या आणि पहिल्या दमातच नाखवा पुढे निघाले. असा गोल, भरलेला आवाज त्या खाडीने ऐकला नव्हता. काठीला वळसा घालून ते आमच्याकडे वळले तेव्हा पलीकडच्या काठावरची ती होडी दोन होड्यांइतकी मागे होती. नाखव्यांच्या बायकोने आत्याचा हात धरून ठेवला होता. आत्या, जी चारचौघांत कधी मोठ्याने हसली नव्हती, ती ओरडत होती.

आणि मग आम्ही आतोबांना उभं राहिलेलं पाहिलं. ते वाकले, काहीतरी केलं, जागा बदलली आणि पुन्हा बसले. इंजिनाचा आवाज उतरला. बंद पडलं नाही, फक्त दम गेला. मागची होडी शेजारी आली, मग पुढे झाली. आमच्यासमोरून जाताना नाखवा अर्ध्या होडीने मागे होते. दुसरे.

नाखव्यांनी सुकाणू मुलाच्या हातात दिलं, चिखलातून आतोबांना खांद्यावर घेऊन काठावर आणलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "इंजिन एक लंबर हाय." घरी आल्यावर आतोबांनी डब्याची दोरी सोडायचा प्रयत्न केला, पण त्यांना गाठ सुटेना. शेवटी आत्याने ती कापली.

त्या आठवड्यात त्यांनी इंजिन बैलगाडीतून परत आणवलं आणि काय केलं असेल? ब्रेक लावला. पुढच्या रविवारी सकाळपासून आठ तास, शेवटचा तास दीडपट भाराने. पाणी मी ओतत होतो. इंजिन कुरकुरलं नाही, तापलं नाही, एकदाही चुकलं नाही. आठ तासांनी आतोबांनी ते बंद केलं, थंड होऊ दिलं, खोललं, आणि एकेक बेअरिंग बोटाने चाचपून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे, गुळगुळीत. मग ते विहिरीच्या कठड्यावर, नाखवा बसले होते तिथेच, बसले आणि त्यांनी मला सांगितलं. वळसा घेऊन परत येताना त्यांना खालून ठोका ऐकू आला होता. ठक, ठक, एका लयीत. त्यांना वाटलं क्रँक चालला. आणखी दोन मिनिटं असाच जोर ठेवला तर फुटणार. म्हणून त्यांनी पेट्रोलची कळ मागे ओढली.

"ठोका इंजिनाचा नव्हताच रे," ते म्हणाले. "हे मी आधी केलं असतं तर मला त्याचा आवाज पाठ झाला असता. मग मी भ्यालो नसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्रेक लावू नका असं सांगणारा मीच होतो. ते त्यांनी मला कधीच बोलून दाखवलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण ते कोलशेतला जाऊन नाखव्यांना सगळं सांगणार होते. एका माणसाची शेवटची शर्यत आपण आपल्या हाताने घालवली आणि त्याला वाटतंय इंजिनात दमच तेवढा होता, हे त्यांना सहन होईना. आत्या म्हणाली, कशाला, म्हातारा समाधानात आहे. आतोबांनी ऐकलं नाही. मी बरोबर गेलो, कारण निम्मा गुन्हा माझा होता.

नाखवा खाडीकडे तोंड करून करंजाच्या सावलीत बाजेवर बसले होते. आतोबा बसायला तयार नव्हते. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ठोका, भीती, मागे ओढलेली कळ, आणि नंतरचे आठ तास. काही लपवलं नाही, सारवासारव केली नाही. मी नाखव्यांकडे बघायचं टाळत होतो.

नाखवा म्हणाले, "ती फली व्हती. माजे बसाचे खालची. पानी आंगावर आला का वाजते. तीस वरसा वाजते."

म्हणजे त्यांनी ठोका ऐकला होता. तो कशाचा हेही त्यांना माहीत होतं. इंजिनापलीकडेच आतोबा बसलेले. नुसतं ओरडून सांगितलं असतं की फळी आहे, तर शर्यत त्यांचीच होती. आतोबांना ते सुचलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"बोलाचाच व्हता," नाखवा म्हणाले. "पन तुम्ही उठलाव, न माज्या न इंजिनाच्या मदी येऊन बसलाव. इंजिनाला पाठ लावून. ता बगला न मी जिंकाचा इसरून गेलू. आटवला तवर ती होरी पुढं गेली व्हती."

हे आतोबांनी मला सांगितलं नव्हतं. कळ मागे ओढली एवढंच सांगितलं होतं. इंजिन फुटणार अशी खात्री असताना, पोहता न येणाऱ्या त्या माणसाने आपली पाठ मध्ये घातली होती, आणि त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते. नाखवा बाजेवर थोडे सरकले, आणि आतोबा बसले.

नाखव्यांनी त्या वर्षी सुकाणू सोडलं. पण आतोबांचा रविवार पुढची सहा-सात वर्षं, नाखवा होते तोवर, कोलशेतला जायचा. कधीमधी मीही जात असे. दोघं करंजाखाली खाडीकडे तोंड करून बसलेले असायचे. नाखव्यांना तोवर जवळचंही फारसं दिसत नव्हतं. खाडीतून इंजिनाचा आवाज आला की ते विचारायचे, फोरमन, कुनाची होरी? आतोबांना एक होडी दुसरीपासून ओळखू यायची नाही, तरी ते डोळ्यांवर हात धरून उठून उभे राहायचे, नीट निरखायचे आणि कुणाचं तरी नाव घ्यायचे. ते बहुतेक चुकीचं असायचं. नाखव्यांना आवाजावरून होडी केव्हाच कळलेली असायची. ते मान हलवून म्हणायचे, बराबर, त्याचीच. आणि पुढची होडी आली की पुन्हा विचारायचे.